विश्लेषण : आसनगावची लोकल पहाटे, घंटागाडी नऊला! वाढत्या गावांच्या कचऱ्याचा वाली कोण?

कागदावर ग्रामपंचायत, प्रत्यक्षात शहर. मुंबई-नाशिक महामार्ग आणि मध्य रेल्वे यांच्या मधोमध वाढणाऱ्या आसनगाव, वासिंदसारख्या गावांची ही अवस्था आहे. १ एप्रिल २०२६ पासून घनकचऱ्याचे नवे नियम देशभर लागू झाले असून, यावेळी गावेही त्यांच्या कक्षेत आली आहेत. मात्र नियम आले म्हणजे गाडी, माणसे, पैसा आणि जागा आली असे होत नाही. अडचण नेमकी कुठे आहे?

आसनगाव इतके का फुगले?

मुंबईच्या सीएसएमटीपासून सुमारे ८६ किलोमीटरवर असलेले आसनगाव हे शहापूरसाठीचे रेल्वे स्थानक. इथून लोकल सुटतात, महामार्ग शेजारून जातो आणि घरांच्या किमती कल्याण-डोंबिवलीपेक्षा बऱ्याच कमी. त्यामुळे गेल्या १५-२० वर्षांत भाताच्या खाचरांच्या जागी चार-पाच मजली इमारती आणि मोठी गृहसंकुले उभी राहिली. समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. कल्याण-आसनगाव चौथ्या मार्गिकेचा समावेश ‘एमयूटीपी ३ अ’ मध्ये आहे. म्हणजे येणाऱ्यांचा ओघ थांबणार नाही, वाढणारच आहे.

जुन्या गावाला कचऱ्याची वेगळी व्यवस्था लागत नव्हती. खरकटे गुरांना, शेण-पालापाचोळा उकिरड्यात आणि उकिरडा वर्षाअखेर शेतात. भंगार, रद्दी फेरीवाला घेऊन जायचा. उरायचे फारच थोडे. आता गुरे नाहीत, परस नाही, उकिरडा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत सकाळचा चहाचा चोथा आणि लहान मुलाचा डायपर एकाच काळ्या पिशवीत जातो.

रोजचा कचरा किती?

लहान शहरांसाठी दरडोई रोज २५० ते ३०० ग्रॅम कचरा हा सर्वसाधारण अंदाज धरला जातो. १० हजार लोकवस्तीचे गाव घेतले तर रोजचा कचरा अडीच ते तीन टन होतो. त्यातला साधारण निम्मा ओला. गावोगावी घंटागाडी म्हणून वापरला जाणारा छोटा टेम्पो एका खेपेत जेमतेम सहाशे-सातशे किलो नेतो. म्हणजे चार-पाच खेपा झाल्या. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात, कारण सुका कचरा वजनाला हलका पण जागा खाणारा असतो. थर्माकोल, खोके, वेफर्सची पाकिटे यांनी गाडी भरते तेव्हा वजनकाट्यावर निम्माही भार नसतो.

यात महामार्गावरचे ढाबे आणि हॉटेले, मटण-चिकनची दुकाने, मंगल कार्यालये, आठवडा बाजार हे काहीच धरलेले नाही. माहुली किल्ल्यावर जाणारे ट्रेकर याच स्थानकावर उतरतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्यांच्या पाण्याच्या बाटल्या आणि खाऊची पाकिटेही इथल्याच हिशेबात येतात. मुरबाड तालुक्यात माळशेज घाटाच्या पायथ्याच्या गावांची गत वेगळी नाही. पर्यटक घरपट्टी भरत नाही, कचरा मात्र सोडून जातो.

घंटागाडी आहे, तरी ढीग का?

हे कोडे सुटण्यासाठी रेल्वेचे वेळापत्रक पाहावे लागते. ठाणे, मुंबईत नोकरी करणारा माणूस पहाटे पाच-साडेपाचच्या लोकलला निघतो. नवरा-बायको दोघेही नोकरीला असतील तर सहा-सातपर्यंत घराला कुलूप लागते. गाडी मात्र कर्मचारी हजर झाले, डिझेल भरले, की आठ-नऊला फिरू लागते. गाडीची घंटा वाजते तेव्हा पिशवी द्यायला घरात कोणी नसते. मग काल रात्रीची पिशवी स्टेशनला जाताना हातातून घेऊन जायची आणि वाटेत ‘सगळे टाकतात तिथे’ टाकायची, ही सवय पडते. स्थानकाकडे जाणारा रस्ता, महामार्गाचा कठडा, पुलाची कड आणि रेल्वेलगतची मोकळी जागा या ठिकाणीच ढीग का साचतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

यावर ‘सीसीटीव्ही बसवा, दंड करा’ हा नेहमीचा उपाय सुचवला जातो. तो चुकीचा नाही. पण पहाटे पाचला दंड करायला माणूस ठेवण्यापेक्षा पहाटे पाचला किंवा रात्री नऊला एक गाडी फिरवणे स्वस्त पडेल. कचरा गोळा करणे हे मुळात वेळेचे आणि मार्गाचे गणित आहे. कोणत्या गल्लीत लोक कधी घरी असतात, हे धरून फेरी आखली नाही तर गाड्या वाढवूनही फरक पडत नाही.

कायद्यात फट कुठे होती?

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे ८ एप्रिल २०१६ रोजी लागू झाले. ओला, सुका आणि घरगुती घातक अशी तीन भागांत वर्गवारी, दारोदार संकलन, शुल्क, दंड, सगळे त्यात होते. पण हे नियम लागू कोणाला? नागरी स्थानिक संस्था, नागरी समूहांलगतच्या वाढीव वस्त्या, जनगणना शहरे, औद्योगिक नगरे, रेल्वे आणि विमानतळांच्या ताब्यातील क्षेत्र वगैरे. साधी ग्रामपंचायत त्यात नव्हती.

जनगणना शहर म्हणजे किमान पाच हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० लोकांची घनता आणि पुरुष कामगारांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात असलेले गाव. वासिंद हे त्याचे उदाहरण. कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेच्या लेखी शहर. अशा गावांना २०१६ चे नियम लागू होते. मात्र ही यादी २०११ च्या जनगणनेवर ठरलेली. त्यानंतर ज्या गावांत संकुले उभी राहिली, ती या यादीत यायला पुढची जनगणनाच हवी होती. २०२१ ची जनगणना झाली नाही. ती आता २०२७ मध्ये होत आहे. पंधरा वर्षे एखादे गाव कागदावर जिथल्या तिथे राहिले आणि कचरा तेवढा पुढे गेला.

ग्रामपंचायतीवर जबाबदारीच नव्हती असे नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४५ आणि त्याच्या अनुसूचीनुसार गावाची स्वच्छता हे ग्रामपंचायतीचेच काम आहे. घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कराशेजारी ‘आरोग्य कर’ दिसतो, तो त्यासाठीच. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात २००० नंतर राज्यातील हजारो गावे झाडली गेली, ती याच चौकटीत. पण त्या अभियानाचा भर हागणदारीमुक्ती आणि परिसर स्वच्छतेवर होता. रोज तीन टन मिश्र कचरा उचलून त्याचे करायचे काय, हा प्रश्न तेव्हा गावांपुढे नव्हता.

नव्या नियमांत काय बदलले?

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०२६ नुसार वर्गवारी तीनऐवजी चार भागांत करायची आहे. ओला, सुका, सॅनिटरी (डायपर, सॅनिटरी नॅपकिन) आणि विशेष काळजीचा कचरा, म्हणजे बल्ब, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधे, थर्मामीटर. नागरी संस्थांबरोबर ग्रामीण स्थानिक संस्थाही कक्षेत आल्या आहेत. वर्गीकरण न केलेला कचरा क्षेपणभूमीवर पाठवायचा तर जास्त शुल्क, नियम मोडल्यास पर्यावरण भरपाई, अशी तरतूद आहे.

आसनगावसारख्या ठिकाणी सर्वांत महत्त्वाची तरतूद आहे ती मोठ्या कचरा निर्मात्यांची. २० हजार चौरस मीटर किंवा अधिक बांधीव क्षेत्र, रोज ४० हजार लिटर किंवा अधिक पाणीवापर, अथवा रोज १०० किलो किंवा अधिक कचरा, यापैकी एकही निकष लागू झाला तरी ती सोसायटी, हॉटेल किंवा संस्था ‘मोठा निर्माता’ ठरते. तिने ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा. ते जमत नसेल तर तेवढ्या प्रक्रियेचे प्रमाणपत्र घ्यायचे.

१०० किलो हा आकडा मोठा वाटतो, पण तसा नाही. चौघांचे कुटुंब रोज साधारण सव्वा किलो कचरा करते. म्हणजे ८०-८५ घरांची सोसायटी १०० किलोंवर गेलीच. शहापूर, वासिंद, आसनगाव पट्ट्यात एवढ्या घरांच्या सोसायट्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत.

परवानगी एकाची, कचरा दुसऱ्याचा?

गावठाणाबाहेरच्या मोठ्या गृहप्रकल्पाला बांधकाम परवानगी ग्रामपंचायत देत नाही. ती महसूल आणि नगररचना यंत्रणेकडून मिळते. नकाशा तिथे मंजूर होतो, विकासक फ्लॅट विकून निघून जातो आणि पहिल्या गणपतीपासून कचऱ्याची तक्रार सरपंचाकडे येते.

वास्तविक २०२० मध्ये राज्यभर लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत चार हजार चौरस मीटरपेक्षा जास्त बांधीव क्षेत्राच्या गृहसंकुलांना ओल्या कचऱ्यावर १०० टक्के प्रक्रिया करणारी व्यवस्था बंधनकारक आहे. नकाशात त्यासाठी जागाही दाखवली जाते. ती जागा नंतर काय होते, हे कोणत्याही संकुलात खाली उतरून पाहता येईल. कुठे पार्किंग, कुठे वॉचमनची खोली, कुठे झाकून ठेवलेले यंत्र. विजेवर चालणारी खतयंत्रे वीजबिल आणि देखभालीमुळे बंद पडतात, हा अनेक शहरांतल्या सोसायट्यांचा अनुभव आहे. शिवाय विकासकाकडून सोसायटीकडे हस्तांतर रखडले असेल तर यंत्र दुरुस्त करायचे कोणी, हा वाद सुरू होतो. भोगवटा प्रमाणपत्र देताना ही व्यवस्था प्रत्यक्ष चालू आहे का, एवढे जरी तपासले गेले तरी गावाच्या गाडीवरचा बराच भार कमी होईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

या बाबतीत शेजारच्या कल्याण-डोंबिवलीचा इतिहास बोलका आहे. कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट होत नसल्याने मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये तिथे नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली होती. सुमारे वर्षभर ही बंदी राहिली. कचऱ्याची सोय नसेल तर नवी घरे नकोत, हे तत्त्व त्यातून ठसठशीतपणे पुढे आले. महापालिकेच्या हद्दीत ते न्यायालयाने लावले. हद्दीबाहेरच्या गावात ते कोणी लावायचे, हा प्रश्न उरलाच.

पैसा किती मिळतो?

इथे आकडेमोड थोडी तपशिलात पाहावी लागेल, कारण सगळे अडते ते इथेच.

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा दोनच्या निकषांनुसार घनकचऱ्याच्या कामांसाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला दरडोई कमाल ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला दरडोई कमाल ४५ रुपये मिळतात. त्यातही ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. हा निधी एकदाच मिळतो आणि तो तिचाकी, खतखड्डे, शेड अशा भांडवली कामांसाठी आहे.

पाच हजारांच्या गावाला कमाल तीन लाख. एक माणूस वाढला, गाव ५,००१ चे झाले, की कमाल मर्यादा सव्वादोन लाखांवर येते. पुन्हा तीन लाखांपर्यंत पोहोचायला लोकसंख्या ६,६०० च्या पुढे जावी लागते. मोठ्या गावाला दरडोई खर्च कमी येतो, असा यामागचा तर्क असणार. तो शेतीप्रधान मोठ्या गावाला लागूही पडेल. पण लोकलच्या टोकाला वाढणाऱ्या गावात लोकसंख्या वाढते तशी दरडोई कचऱ्याची मात्रा आणि त्यातले प्लास्टिकही वाढते. १० हजारांच्या गावाला मिळणारे साडेचार लाख हे एका घंटागाडीच्या किमतीतच संपू शकतात.

दुसरा स्रोत पंधराव्या वित्त आयोगाचा. २०२१-२६ या काळात ग्रामीण संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम बंधित होती. त्यातली निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी, ज्यात घरगुती कचऱ्याचे व्यवस्थापनही येते. राज्यात या अनुदानातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना मिळतो. पण वाटपाचा पाया २०११ ची लोकसंख्या. २०११ नंतर आलेली कुटुंबे कचऱ्यात मोजली जातात, अनुदानात नाहीत.

आता रोजचा खर्च. दोन गाड्या, त्यांच्यावर दोन चालक आणि चार सफाई कर्मचारी, प्रत्येकी महिना सरासरी १२ हजार रुपये धरले तर पगाराचे ७२ हजार. डिझेल, दुरुस्ती, हातमोजे-गमबूट, विमा धरून आणखी ४५-५० हजार. म्हणजे महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास. १० हजार लोकांची अडीच हजार घरे होतात. प्रत्येक घराकडून महिना ५० रुपये घेतले तर हा खर्च निघतो. ५० रुपये म्हणजे स्थानकाबाहेरचे तीन वडापाव. तरीही ही पट्टी बसवायला ग्रामपंचायती कचरतात. निवडणूक हे एक कारण. दुसरे असे, की बाहेरून आलेल्या अनेक कुटुंबांची नावे अजून मुंबई-कल्याणच्या मतदार यादीत आहेत. ती ग्रामसभेला येत नाहीत, त्यामुळे त्यांची अडचण ठरावात येत नाही. आणि जुन्या गावकऱ्याला वाटते, कचरा ‘बिल्डिंगवाल्यांचा’, पैसे आम्ही का द्यावे?

जागा मिळत का नाही?

रोज दीड टन ओला कचरा खड्ड्यात कुजवायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे एका वेळी ७०-८० टन माल कुजत असतो. त्यासाठी तीन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि एक मीटर खोल असे चाळीसेक खड्डे, वर शेड, चाळणीची जागा आणि सुक्या कचऱ्याची वेगळी शेड लागते. सगळे मिळून दहा-पंधरा गुंठे. फार नाही.

पण हे दहा-पंधरा गुंठे कुठले? शहापूर तालुक्यातला मोठा भाग वनजमीन आहे, तानसा अभयारण्य आहे, धरणांची पाणलोट क्षेत्रे आहेत. गायरान शिल्लक असेल तर ते मिळवायला जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव, आणि शेजारच्या पाड्याचा विरोध ठरलेला. हा विरोध अडाणीपणाचा म्हणून सोडून देता येत नाही. ‘प्रकल्प’ म्हणून सांगितलेली जागा वर्षभरात डम्पिंग होते, हे लोकांनी ठाणे जिल्ह्यातच पाहिले आहे. ठाणे महापालिकेच्या कचऱ्यासाठी भिवंडी तालुक्यातील आतकोलीची जागा देण्यात आली, तेव्हाही स्थानिकांनी विरोध केला. शहराचा कचरा गावाकडे सरकतो आहे आणि गावाला स्वतःच्या कचऱ्यासाठी जागा नाही, असा हा पेच.

ठाणे जिल्ह्याची वार्षिक पावसाची सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या घरात. उघड्यावरच्या खड्ड्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी भरते, कुजणे थांबते, दुर्गंधी सुटते आणि काळे पाणी झिरपत ओढ्याला लागते. त्यामुळे इथे शेड ही चैन नाही. पुण्या-नगरकडे चालणारा उघड्या खड्ड्याचा नमुना कोकणाच्या उंबरठ्यावर चालत नाही. निधीचे निकष मात्र दोन्हीकडे एकच.

मुंबईशी याचा काय संबंध?

सरळ संबंध आहे, तोही पिण्याच्या पाण्याचा. शहापूर-आसनगावमधून वाहणारी भारंगी पुढे भातसा नदीला मिळते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यातला जवळपास निम्मा, ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, वाटा एकट्या भातसा धरणाचा. धरणातले पाणी बंद जलवाहिनीतून निघत नाही. ते आधी नदीच्या पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत येते, तिथे उपसले जाते आणि पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होऊन मुंबईला जाते.

भारंगीच्या काठावर टाकलेला कचरा पहिल्या मोठ्या पुरात कुठे जातो, हे यावरून लक्षात यावे. जुलै २०२४ मध्ये भारंगीला पूर आला तेव्हा शहापुरात नदीकाठी उभ्या केलेल्या गाड्या वाहून गेल्या. जे पाणी गाड्या नेते, त्याला पिशव्यांचे ओझे ते काय? शुद्धीकरण केंद्रात गाळ आणि जंतू निघतात. पण कुजक्या कचऱ्याचा, बॅटऱ्यांचा, रसायनांच्या डब्यांचा भार मुळात नदीत न येऊ देणे केव्हाही स्वस्त. शहापूरच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतात आणि तालुक्याचे पाणी मुंबईला जाते, ही तक्रार जुनी आहे. त्या पाण्याच्या राखणीसाठी नदीकाठच्या गावांच्या कचरा व्यवस्थेत मुंबईने वाटा उचलावा, ही मागणी त्यामुळे गैरवाजवी म्हणता येणार नाही.

प्लास्टिकचे काय होते?

भंगारवाला बाटली, खोका, लोखंड, जाड प्लास्टिक घेतो. दोन रुपयांचे वेफर्सचे पाकीट, गुटख्याची पुडी, पातळ पिशवी घेत नाही, कारण ती पुढे कोणी विकत घेत नाही. राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही एकदाच वापराच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. पण बहुस्तरीय पाकिटे त्या बंदीत नाहीत. त्यांची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकणारे नियम २०२२ मध्ये आले.

असे प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळता येते. राज्यातल्या या भट्ट्या मुख्यतः चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात आहेत. आसनगावहून तिथे सैल प्लास्टिकने भरलेला ट्रक पाठवणे म्हणजे हवा वाहून नेणे. त्यासाठी ते दाबून गठ्ठे बांधावे लागतात. स्वच्छ भारत मिशनमध्ये प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाखांपर्यंतची तरतूद आहे, ती या यंत्रासाठीच. शंभराहून अधिक ग्रामपंचायतींच्या शहापूर तालुक्याला असे एक केंद्र. तिथपर्यंत गावाचे प्लास्टिक नेणार कोण आणि भाडे कोण देणार, हे ठरले नाही तर यंत्र तयार आणि माल गावातच, अशी स्थिती होते.

मग उरतो काडी लावण्याचा मार्ग. गाडी आली नाही, ढीग वाढला, की तो पेटवला जातो. कमी तापमानाला पीव्हीसी जळाले की डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. धूर इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी रेंगाळतो. अलमित्रा पटेल यांच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घातली. साध्या प्रकरणात पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाईचा आदेश दिला. आदेशाला दहा वर्षे होत आली.

नगरपंचायत झाल्यास प्रश्न सुटेल?

शहापूर आणि मुरबाड या तालुक्याच्या गावांना नगरपंचायती मिळाल्या. त्यामुळे मुख्याधिकारी, नागरी अभियानाचा निधी आणि स्वतंत्र स्वच्छता विभाग येतो, हे खरे. आसनगाव-वासिंदलाही तसेच करावे, असे म्हणणे सोपे आहे. पण संपूर्ण शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. नगरपालिकांविषयीचा राज्यघटनेचा भाग अशा क्षेत्राला आपोआप लागू होत नाही, असे अनुच्छेद २४३ झेडसी सांगतो. तो लागू करणारे विधेयक २००१ मध्ये संसदेत मांडले गेले, कायदा काही झाला नाही. दुसरीकडे ‘पेसा’मुळे ग्रामसभेला जमीन आणि संसाधनांबाबत जे अधिकार मिळाले, ते नगरपंचायत झाल्यावर राहणार का, ही आदिवासी पाड्यांची रास्त शंका आहे. कचऱ्याची गाडी हवी म्हणून ग्रामसभा सोडा, असे त्यांना कोणी सांगू शकत नाही.

त्यापेक्षा जवळचा मार्ग म्हणजे चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून एक व्यवस्था उभी करणे. गाड्या सामाईक, गठ्ठे बांधण्याचे यंत्र सामाईक, ओला कचरा मात्र ज्याचा त्याने आपल्या हद्दीत जिरवायचा. यात कोणाच्याही गावावर दुसऱ्याचा कचरा येत नाही, त्यामुळे विरोधाची धारही कमी होते.

कुठे जमले आहे?

वेंगुर्ले हे सिंधुदुर्गातले सुमारे १२ हजार वस्तीचे शहर. पाऊस आसनगावपेक्षा जास्त. तिथे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचऱ्याची वीसहून अधिक प्रकारांत वर्गवारी सुरू झाली, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत, प्लास्टिक डांबरी रस्त्यात, आणि कचरा डेपोच्या जागी पाहुण्यांनी येऊन पाहावे असे केंद्र उभे राहिले. यंत्रे फार मोठी नव्हती. वर्गवारी न केलेला कचरा गाडीत घ्यायचाच नाही, हा नियम मात्र कडक होता. हेच कोकरे पुढे कल्याण-डोंबिवलीत आले आणि मे २०२१ मध्ये तिथली आधारवाडीची अनेक दशकांची कचराभूमी बंद झाली.

ग्रामपंचायतीचेच उदाहरण हवे तर छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याचे आहे. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना तिथे कर वेळेत भरणाऱ्याला वर्षभर दळण मोफत मिळू लागले. लोकांनी कर भरला, त्या पैशातून कचरा-सांडपाण्याची सोय झाली. दळणाच्या गिरणीने करवसुलीचा प्रश्न सोडवला, हे कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडत नाही.

दोन्ही उदाहरणांत एक अडचण आहे. माणूस बदलल्यावर घडी विस्कटण्याची भीती राहते. शिवाय वेंगुर्ल्यात किंवा पाटोद्यात सकाळी नऊला घरात कोणीतरी असते. आसनगावला ते नसते. त्यामुळे तिथला नमुना जसाच्या तसा उचलून भागणार नाही.

सोसायटी, रहिवासी काय करू शकतात?

८०-८५ घरांहून मोठ्या सोसायटीने आधी आपल्या मंजूर नकाशात कचरा प्रक्रियेची जागा कुठे दाखवली आहे, हे पाहावे. माहिती अधिकारात ती प्रत मिळते. ओला कचरा आवारात जिरवल्यास घरपट्टीत सवलत देण्याचा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या बैठका वर्षातून किमान चार होतात, त्यातल्या २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या दिवशी लोकलने जाणाऱ्यांनाही सुटी असते. घंटागाडीची एक फेरी रात्री आठ ते दहा करावी, हा ठराव तिथे पहिल्यांदा मांडायला हरकत नाही. त्याला खर्च लागतो तो दोन तासांच्या डिझेलचा आणि तिघांच्या जादा मजुरीचा.